आत्याची गाडी आणि हरवलेला शंकू

प्रिय लॉरेनआत्या,

सादर नमस्कार. तुझा खोकला आता कसा आहे? गारपिटीतून तुझे टोमॅटो वाचले असं बाबा म्हणाले, बरं वाटलं. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझी गाडीही ठीक आहे (या वाक्यावर लगेच विसंबू नकोस).

आठवड्यासाठी गाडी देताना तू म्हणाली होतीस, "एक ओरखडा न पडता परत आली, तर ऑगस्टपासून ती तुझीच." ऑगस्टपासून मी शाळेत मुलांना गाडी चालवायला शिकवणार, आणि आपल्या घरातली पहिली पदवीधर रोज सव्वीस मैल चालत तर जाऊ शकत नाही. पण घसरलेली गाडी सावरणं मलाच येत नसेल, तर मुलांना काय शिकवू, हा प्रश्न मला छळायला लागला. म्हणून रविवारी मी जुन्या विमानतळावर गेले. तिथे धावपट्टीवर, रस्त्याच्या कामापाशी ठेवतात तसल्या केशरी शंकूंनी वाट आखतात आणि एकेकाने घड्याळ लावून त्यातून गाडी पळवायची. शंकू पाडला की दोन सेकंदांचा दंड.

आधी तपासणी. वेंडेल म्हणून एक निवृत्त ट्रॅक्टर मेकॅनिक आहेत, ते म्हणाले, गाडीत सुटं काही नको. मी अर्धा तास उपसत होते. तीन छत्र्या, चर्चची गाण्यांची पुस्तकं, कोलाचे नावाच्या त्या गोड पावांचे रिकामे डबे, काकांचा बोलिंगचा चेंडू. शेजारी गाडी लावलेल्या एका दंतवैद्याने विचारलं, "घर बदलताय का?"

पहिल्या फेरीत मी वाटच चुकले (सगळे शंकू सारखेच दिसतात गं) आणि थेट शौचालयांच्या रांगेपाशी निघाले. दुसऱ्या फेरीला वेंडेल शेजारी बसले. "पोरी, शंकूकडे बघू नकोस. ज्याच्याकडे बघशील त्यालाच जाऊन भेटशील." तिसऱ्या फेरीत गाडीचं बूड खरंच घसरलं, मी ते सावरलं, आणि कर्ण्यावरून कळलं की नवशिक्यांत मी पहिली. दंतवैद्य चार दशांश सेकंदांनी मागे.

आता तिथला रिवाज असा, की आपलं पळवून झालं की प्रत्येकाने उन्हात उभं राहून दुसऱ्यांचे शंकू उचलायचे. माझ्या वाट्याच्या वळणावर शंकूची जागा दाखवणारा खडूचा चौकोन होता, शंकू नव्हता. वाऱ्याने नेला, असं सर्वांचं मत पडलं (नेब्रास्कात वाऱ्यावर काहीही ढकलता येतं). मी मात्र शोधत शोधत तुझ्या गाडीपाशी पोचले. तो तिच्या पोटाखाली अडकला होता. कुणीही पाहिलं नव्हतं. मी त्याला काखोटीला मारून घड्याळवाल्यांकडे गेले आणि माझे दोन सेकंद वाढवून घेतले. चषक दंतवैद्याला मिळाला. तो इतका ओशाळला, की माझे दात फुकट तपासून देतो म्हणाला.

तर आत्या, पुढच्या बंपरखाली वीतभर केशरी पट्टा उमटला. बोली ती बोली. शनिवारी गाडी आणून लावते. मी सायकल बघते आहे.

तुझी भाची,
डार्सी

ता. क. वेंडेलनी चिंधीने घासल्यावर पट्टा निघाला. रंग शंकूचा होता, गाडीचा शाबूत आहे. हे आधी लिहायला हवं होतं, पण कबुली द्यायला बसले की मला थांबता येत नाही.

आणखी एक ता. क. तिथे एकाच गाडीवर दोघांना शर्यतीत नाव घालता येतं. पुढच्या रविवारसाठी मी तुझं घातलं आहे. एकदा स्वतः पळवून बघ, मग ती मला द्यायची का ते ठरव. (भीती एवढीच, की मग तू ती कुणालाच देणार नाहीस.)