एकता गट

१ सप्टेंबर, सकाळी.
काल आठवडी बाजारात दगडफेक झाली. भगवानरावांचा गट आणि योगीराजचा गट. दोघेही कालपरवापर्यंत एकाच पक्षात होते. वर पक्ष फुटला, तो फुटत फुटत आमच्या गावापर्यंत आला. दगड मात्र लागला भेंडी विकणाऱ्या पंचफुलाबाईला. टाके पडले. पोलिसांनी बाजार बंद केला.

मला हे बघवत नाही. देश एक व्हायचा तर आधी गाव एक झालं पाहिजे, आणि ते करायला एक वजनदार माणूस लागतो. रात्रभर विचार केला. माझ्याशिवाय दुसरं नाव सुचलं नाही. एस.टी.त असताना मी जन्मभर माईकवर गाड्या पुकारल्या. सगळ्या जातींनी, सगळ्या पक्षांनी माझं ऐकलेलं आहे.

संकल्प: १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिदिन. दोन्ही गट एका झेंड्याखाली. अध्यक्ष मी.

२ सप्टेंबर
बायकोला, साधनाला, बेत सांगितला. म्हणाली, देशाचं व्हईल सावकाश, पत्रा गळायलाय, चंद्रभान भाऊजींकडून शिडी आणा.

चंद्रभानकडे मी मरेपर्यंत जाणार नाही. शेजारी आहे, शाळेत एका बाकावर होतो, सगळं मान्य. पण मागच्या मुक्तिदिनाला माझं भाषण रंगात आलं असताना या मंडप-माईकवाल्याने माईक बंद केला. म्हणे जनरेटरचं डिझेल संपलं. पाच मिनिटांत त्याच जनरेटरवर त्याचा सत्कार झाला. मंडप फुकट दिला म्हणून शाल आणि नारळ! वर्ष झालं, मी त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही. तो आतून जळत असणार. वरून मात्र रोज रामराम घालतो. पक्का आहे.

४ सप्टेंबर
मूळ सापडलं. भांडण नमस्कारात आहे. भगवानरावांची माणसं भेटली की एक म्हणतात, योगीराजची दुसरंच. तोंड उघडलं की गट कळतो. म्हणून मी दोघांसाठी नवीन नमस्कार काढला: जय एकता. उत्तरही तेच, म्हणजे पाठांतराचा त्रास नाही.

पारावर लगेच सुरुवात केली. हॉटेलवाला सिद्धोधन म्हणाला, जय एकता, च्या कट का फुल? पहिल्याच दिवशी एवढा प्रतिसाद.

६ सप्टेंबर
परभणीहून फ्लेक्स आणला. वर 'जय एकता', खाली फोटो. दोन्ही नेत्यांचे टाकले असते तर आधी कुणाचा यावरून परत दगड निघाले असते, म्हणून नुसता माझा टाकला.

चंद्रभान फ्लेक्ससमोर उभा राहून बराच वेळ बघत होता. नंतर फ्लेक्स बांधलेला बांबू हलवून बघितला आणि दोरी आवळून गेला. माझ्या कामात याला हात घालायला कुणी सांगितलं?

८ सप्टेंबर
मोठी घडामोड. भगवानराव स्वतः घरी आले. म्हणाले, दत्तराव, तुमच्या गटात माणसं किती हायत? मी म्हणालो, सगळं गाव. त्यांचा चेहरा उतरला. चहा अर्धा ठेवून उठले.

संध्याकाळी योगीराज. त्याने विचारलं, काका, झेडपीला उभं ऱ्हायलाव का? मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. असं काही मनात नव्हतं, पण गावाचीच इच्छा असेल तर बघू.

९ सप्टेंबर
फ्लेक्स फाटला. डावीकडून एकांनी फाडला, उजवीकडून दुसऱ्यांनी. दोरी तेवढी शाबूत आहे. हवालदार म्हणाला, गावात पूर्वी दोन गट होते, आता एकता गट धरून तीन झाले, त्यामुळे बंदोबस्त वाढवलाय.

दुपारी पंचफुलाबाई आली, डोक्याला पट्टी. म्हणाली, दादा, दोघांच्यात एक दगड बसला, तिसरा गट कशाला काढलाव? बाजार भरू द्या. भेंडी जून व्हायलीय, घरात मीठमिरची न्हाई. मी तिला एकता हा गट नसून भावना आहे हे नीट समजावून सांगितलं. ती उठून चंद्रभानच्या ओट्यावर जाऊन बसली. तिथे तिचं तासभर काय चाललं होतं कुणास ठाऊक. दार उघडं ठेवून बसलो तरी ऐकू आलं नाही.

११ सप्टेंबर
ठाण्यात शांतता कमिटी झाली. फौजदारसाहेबांनी अध्यक्ष केलं चंद्रभानला. चंद्रभानला! कारण काय, तर बैठकीला खुर्च्या त्याच्या होत्या. म्हणजे उद्या देश पण खुर्च्या भाड्याने देणाऱ्याच्या हातात द्या.

जेवलो नाही. नंतर थोडी खिचडी खाल्ली. हा हेवा नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१३ सप्टेंबर
पाऊस थांबेना. दोन्ही गटांना १७ तारखेला आपापली वेगळी सभा पाहिजे आणि गावात मोठा मंडप एकच, चंद्रभानचा. तो म्हणाला, मंडप एक हाय, माईक एक हाय, मधून फाडून देता येत न्हाई. बसायचं तर मिळून बसा, न्हाई तर भिजा. दोघांनी ताडकळसला, चारठाण्याला फोन लावले. त्या दिवशी सगळीकडेच झेंडावंदन, कुठेच मंडप मोकळा नाही. शेवटी दोघेही कुरकुरत तयार झाले.

गावभर त्याचं कौतुक. याला काय ऐक्य म्हणतात? ही मंडपाची टंचाई आहे. मनं जुळली पाहिजेत, आणि ती माझ्याकडून जुळली पाहिजेत.

१५ सप्टेंबर
काम फत्ते. मेव्हण्याच्या ओळखीने राणीसावरगावला एक मंडप मिळाला. भगवानरावांना आणि योगीराजला निरोप धाडला: जुलमाने एकत्र बसायची गरज नाही, दुसऱ्या मंडपाची सोय झाली आहे.

साधनाने विचारलं, तुमी गाव जोडायलाव का तोडायलाव? तिला हे डावपेच कळायचे नाहीत. टेम्पोचं भाडं कशातून दिलं तेही विचारत होती, तो विषय मी बदलला.

१७ सप्टेंबर, संध्याकाळी.
झेंडावंदन झालं. धो धो पाऊस. पलीकडे चंद्रभानच्या मंडपात अख्खं गाव. भगवानराव आणि योगीराज एका सतरंजीवर. माझा मंडप दोघांनीही घेतला नाही, म्हणे जो घेईल तो एकता गटाचा ठरेल. पंचफुलाबाईला पुढे खुर्ची. बाजार सुरू करायचं तिथेच ठरलं. साधनासुद्धा तिकडेच होती, तिचा पदर मी लांबूनही ओळखला.

एकता मंडपात मी, टेम्पोवाला आणि आसऱ्याला आलेल्या शेळ्या. भाषण केलं. टेम्पोवाला झोपला. चंद्रभानने पोरीच्या हाती जिलबी पाठवली. परत पाठवली. एक खाल्ली होती.

फार वाईट वाटलं. गाव एक झालं म्हणून आनंद व्हायला पाहिजे होता, तो झाला नाही. माझ्या हातून झालं असतं तर झाला असता.

१९ सप्टेंबर
फौजदारसाहेबांचा निरोप. गावात आता एकच भांडण शिल्लक आहे, माझं आणि चंद्रभानचं. तेवढं मिटवायचं म्हणून कमिटी बसणार. शेवटी माझी दखल घ्यावी लागली. अटी लिहून खिशात ठेवल्या, तिथेच वाचणार: आधी तो उठेल, आधी तो बोलेल, आणि माईकबद्दल माफी मागेल.

२१ सप्टेंबर
कमिटी झाली. भगवानराव आणि योगीराज माझ्यासाठी पंच म्हणून शेजारी शेजारी बसले होते, साधनाही आली होती. साहेबांनी चंद्रभानला विचारलं, तुमची तक्रार काय?

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, दत्तू, आपलं भांडण हाय? कवापासून?

नाटक नव्हतं. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. वर्षभर मी त्याच्याशी बोललो नाही आणि त्याला पत्ताच नाही. मग साहेबांना म्हणाला, रामराम घातला तर ह्यो बोलत न्हवता. मला वाटलं जन्मभर माईकवर वरडून ह्याचे कान गेले, गड्याला लाज वाटत आसंल, म्हून मी कुटं बोललो न्हाई. हे सांगताना त्याचे डोळे भरून आले.

सगळे माझ्याकडे वळले. ऐकू येतं म्हणावं, तर वर्षभर गप्प का होतो ते सांगावं लागलं असतं. मी कानामागे हात धरला आणि म्हणालो, काय म्हणाला?

दत्तरावांचे कान कमिटीच्या खर्चाने तपासून घ्यावेत, असा ठराव भगवानरावांनी मांडला. योगीराजने अनुमोदन दिलं. दोन्ही गटांनी एकदम हात वर केले, विरोधात एकही नाही. साहेब म्हणाले, या गावात पहिल्यांदा एकमताने काही मंजूर होतंय. मग साधनाने खूण केली आणि मीही हात वर केला.