पित्ताची गोळी

माहेरी गेलेल्या वहिनींस,

तुम्ही गेलात आणि माझ्या डबीतल्या गोळ्या हिशेबाबाहेर कमी व्हायच्या थांबल्या. आधी संशय तुमच्या लेकीवर होता, परीक्षा आहे ना तिची. पण ती तर पुस्तकावरच घोरते. तुम्ही मात्र घासलेली भांडी पुन्हा घासायचात, जेवण टाळायचात, छातीत धडधडतं म्हणायचात.

कामात लक्ष लागावं म्हणून डॉक्टरांनी मला दिलेली गोळी ती. लोक वेडी म्हणतील म्हणून घरात मी तिला पित्ताची म्हणते. तुमचं हृदय आधीच नाजूक, जिवावर बेतेल.

डबी आता कुलपात आहे. हे पत्र मी पाठवणार नाही. फोनवर एवढंच सांगेन, ती पित्ताची नव्हती, आजच डॉक्टरांना दाखवा. एक मात्र विचारणार नाही: पित्ताची गोळी कुणी चोरून खातं का हो?

तुमची,
किल्ली कमरेला खोचलेली नणंद