वाढदिवस आधी कुणाचा?

४ जून
चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या जनमत चाचणीच्या कचेरीतून काल एक बाई फॉर्म घेऊन दुकानात आल्या. अणुबॉम्ब जवळ असला की शत्रू दबून राहतो का, मित्रदेशावर हल्ला झाला तर आपण धावून जावं का, असे प्रश्न. मी गिऱ्हाइकाला साबण लावून तसाच ठेवला आणि खुर्ची ओढून बसलो. चाळीस वर्षं दाढी करता करता हेच सांगतोय, की बॉम्ब हवाच आणि मित्रासाठी धावून जायलाच हवं. आजवर एकानेही विरोध केलेला नाही.

तर बाई म्हणाल्या, घरात ज्याचा वाढदिवस आधी येतो त्यालाच विचारायचं. म्हणजे तुझ्या आईला! दोघी मागे स्वयंपाकघरात पाऊण तास बसल्या. इकडे गिऱ्हाइकाचा साबण वाळला. आई काय बोलली ते सांगत नाही, आणि दुकानात जो तो वहिनींचं मत विचारतो. तू तो फॉर्म काढून बघ. जमल्यास माझं मत पुरवणी म्हणून जोड.

तुझे बाबा

९ जून
ति. बाबांना शि. सा. न.

फॉर्म बघितला तर माझी नोकरी जाईल. पुरवणीही चालत नाही. तो नियम मुद्दाम केलाय, नाहीतर घरोघरी ज्याचा आवाज मोठा त्याचंच मत टिपलं जातं. आणि राग मानू नका, पण गळ्याशी वस्तरा असताना तुम्हाला विरोध करणार कोण?

आईलाच विचारा. मात्र विचारा, समजावू नका. तब्येत सांभाळा.

तुमची लेक

१७ जून
चि. धाकटीस आशीर्वाद.

विचारलं. पहिल्या दिवशी तासभर मुद्दे मांडून मग विचारलं, तर ती धुणं वाळत घालायला निघून गेली. आता नुसतंच विचारतो. ती भलतंच काहीतरी बोलते, मी ऐकतो.

तिने माझ्याविरुद्ध मत दिलं असेल अशी धास्ती वाटते गं. त्याहून लागतं ते हे, की अडतीस वर्षांच्या संसारात तिचं मत काय, मला ठाऊकच नाही. आईला पत्र घाल, तुझं ती ऐकते.

बाबा

२५ जून
चि. धाकटे, उदंड आयुष्य.

तुला सांगते, ह्यांना कळू देऊ नकोस. मी त्या फॉर्मवाल्या बाईंना म्हटलं, बॉम्बला शत्रू भीत असेल, पण भ्यालेला माणूस शहाण्यासारखा वागतोच असं नाही. पाल दिसली म्हणून ह्यांनी स्टुलावरून उडी मारली आणि पाय मुरगळून घेतला. मित्र हवेतच, पण कोण कधी धावून येणार ते आधी कागदावर ठरलेलं बरं. आपण घर बदललं तेव्हा तुझे काका उगवले ते सगळं सामान लागल्यावर. बाकी ह्यांचं म्हणणं मला निम्मं पटतं, आणि तसं मी लिहवून घेतलंय.

हल्ली दुकान बंद झालं की हे दोन कप चहा करून आणतात, मला काय वाटतं ते विचारतात आणि चक्क गप्प बसतात. काल मी माझ्या ताईबद्दल, माझ्या गुडघ्याबद्दल बोलले. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. फार बरं वाटलं मला.

निम्मं पटतं असं आज सांगितलं, तर उद्यापासून उरलेलं निम्मं समजावायला बसतील. तेव्हा एवढ्यात नाही. तुझी माया अशीच राहू दे.

तुझी आई