नव्या वायपरांबद्दल व्याहीबुवांना

नाशिक, आषाढ, पाऊस चालू

माननीय व्याहीबुवा निवृत्तीराव यांना सटाणे मुक्कामी सावळीरामचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एक हात ग्रीसने काळा आहे, तो नमस्कारात धरू नये.) आपली प्रकृती, विहीणबाई लताबाईंचे गुडघे आणि चाळीतला कांदा, तिघांची खुशाली कळवावी. कांद्याची आधी कळवलीत तरी लताबाई रागावणार नाहीत. इकडे आपली संजना ठीक आहे. तिला सध्या फक्त भाजलेलं मक्याचं कणीस गोड लागतं, आणि आमचा हर्षल रोज संध्याकाळी छत्री घेऊन कणीस शोधत हिंडतो. होणाऱ्या बापाला काहीतरी काम हवंच.

पत्रास कारण वायपर. डोहाळजेवणाच्या दिवशी मी आपणां उभयतांना सीबीएसच्या एसटी स्टँडवरून घरी आणलं, तो प्रवास आपण विसरला असाल असं मी स्वतःला बरेच दिवस सांगून पाहिलं. वाटेत पावसाने जोर धरला, मी वायपर चालू केले, तर त्यांनी काचेवरचं पाणी पुसण्याऐवजी सगळीकडे सारखं वाटून दिलं. तेव्हा आपण खिडकीतून अर्धे बाहेर आलात आणि खांद्यावरच्या उपरण्याने काच पुसू लागलात. “व्याहीबुवा, तुमले काही दिखस का?” असं आपण विचारलंत. मी दिसतंय म्हणालो. मला खरोखर दिसत होतं, म्हणजे पाण्यात विरघळलेले दिवे, हिरवी पुसट झाडं, एखादी लाल छत्री. आपल्याला त्यात समोरची रिक्षा दिसत नव्हती, एवढीच काय ती तक्रार. मग पंगतीत आपण सगळ्यांदेखत जाहीर केलंत, की पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा मुलीला न्यायला सटाण्याहून माझीच गाडी येईल. रीत आपल्या बाजूने आहे, मला ठाऊक आहे. रीत म्हणून गाडी आली असती तर मी दारात नारळ घेऊन उभा राहिलो असतो. पण ती वायपरमुळे येणार, हे मला लागलं. त्यातून आमची ही, म्हणजे उज्वला, जिलेबी वाढता वाढता अशी समाधानाने मान हलवून गेली, की मी त्याच क्षणी ठरवलं, वायपर बदलायचे आणि भावडबारीचा घाट ओलांडून संजनाला सटाण्याला मीच पोचवायचं.

खरं तर जुने वायपर काढवत नव्हते. ते एक छोटा झटका देत आणि मग दोन लांब फेऱ्या मारत, लगागा, लगागा, शुद्ध भुजंगप्रयात. (पावसात गाडी चालवताना माझे ओठ हलतात ते त्यामुळे. उज्वलाला वाटतं मी भीतीने देवाचं नाव घेतो. प्रत्यक्षात ते ती घेत असते.) आमच्या पेठच्या शाळेला पत्र्याचं छत होतं. पाऊस आला की गुरुजींचं गणित कुणाला ऐकू येईना, मग ते खडू खाली ठेवून कविता घेत, कारण कविता ओरडता येते. आणि पेठचा पाऊस काही एक-दोन तासांत उघडणारा नव्हे. त्यामुळे माझी सगळी वृत्तं पक्की आहेत आणि अपूर्णांक फक्त उन्हाळ्यापुरते येतात. पुढे पाटबंधारे खात्यात नोकरी लागली तिथेही हेच धोरण चाललं, पण तो विषय वेगळा.

वायपर निवडायचा कसा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण वस्तू आणायची कशी हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. नळाचा वायसर असो, शर्टाचं बटण असो की कुकरची रिंग, जुनं सोबत न्यायचं आणि ‘असंच द्या’ म्हणायचं. मी चालकाच्या बाजूचा वायपर काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि रिक्षाने द्वारका चौकातल्या दुकानात गेलो. (वायपर नसलेली गाडी पावसात काढणं बेजबाबदारपणाचं झालं असतं.) रिक्षावाल्याने बासरी का, म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. खोटं बोललो, पण पुढचा रस्ता फार सुरेल गेला.

दुकानदार सोमाशेठ यांनी गाडीचं मॉडेल विचारलं. मी रंग सांगितला. त्यांनी साल विचारलं. हर्षलच्या लग्नाच्या बरीच आधीची, असं मी सांगितलं. मग त्यांनी माझा नमुना मापपट्टीवर ठेवला आणि दोन प्रकार समोर मांडले. एक लोखंडी फ्रेमचा, जुन्यासारखा. दुसरा सपाट आणि महाग. सपाट घ्या, म्हणाले, अजिबात आवाज करत नाही. मी म्हटलं, दोन्ही वाजवून दाखवा. शेठनी बरीच गिऱ्हाइकं पाहिलेली असावीत, कारण त्यांनी लगेच काउंटरच्या काचेवर पेलाभर पाणी ओतलं आणि दोन्ही फिरवले. सपाट खरंच मुका निघाला. सगळ्याला हो म्हणणाऱ्या माणसाचा येतो तसा मला त्याचा संशय आला. फ्रेमवाला मात्र किंचित अडखळला, मग लांबवर कण्हत गेला. मी म्हटलं, हाच, जोडी द्या, असंच. शेठनी असंच दिलं. दोन्ही.

घरी येऊन बसवले. (हर्षलने बसवले, पण निवड माझी.) संजना पायरीवर कणीस खात बघत होती. मी कळ दाबली. चालकाकडचा झोकात उठला, पलीकडचाही तितकाच लांब, तोही तितक्याच झोकात उठला, आणि काचेच्या मधोमध दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले. लग्नात आपली व्याहीभेट झाली होती, हुबेहूब तशी. आणि तेव्हासारखंच, आधी कुणी सोडायचं ते दोघांनाही कळेना. मोटर घरघरू लागली. तेव्हा हर्षलने सांगितलं की आपल्या गाडीचा पलीकडचा वायपर मुळात आखूड असतो. इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण मी नेहमी काचेपलीकडे पाहत आलो, काचेकडे कधी पाहिलं नाही. उज्वला म्हणाली, “पोरीला पोचवायचंय, कुस्ती नाही लावायची.” संजना हसू लागली तर तिलाही रागावली, या दिवसांत इतकं हसू नये म्हणून, आणि तेही माझ्याच नावावर लागलं.

परत द्वारका. तुम्ही असंच म्हणालात, मी असंच दिलं, आता पलीकडचा दाखवा, असं शेठ म्हणाले. तो मी नेला नव्हता. पुन्हा घरी, पुन्हा द्वारका. तोवर फ्रेमचा आखूड वायपर संपला होता. मग एक फ्रेमचा आणि एक मुका द्या, एक गाईल, एक ऐकेल, असं मी सुचवलं, तेव्हा शेठ काउंटरच्या बाहेर आले आणि मला बसायला खुर्ची दिली. शेवटी एक लांब, एक आखूड, असे दोन्ही मुके घेऊन आलो.

काल उज्वलाला शेजारी बसवून ओझरपर्यंत जाऊन आलो. पाऊस मुसळधार. व्याहीबुवा, मध्ये काच नाहीच असं वाटावं, इतकी लख्ख. तरी आपण गाडी पाठवण्याची तसदी घेऊ नये. पुढच्या गुरुवारी सकाळी निघतो, जेवायला सटाण्याला. संजनाला मीच आणणार, हा माझा शेवटचा शब्द. लताबाईंना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद, कांद्याला भाव.

आपला,
सावळीराम

ता. क. इथवरचं पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवलं आहे. हर्षल छताकडे बघत बसला. वाचून झालं असेल तर टाकून या, असं उज्वला म्हणाली. पुढचा मजकूर टपाल कचेरीच्या बाकावर बसून लिहितोय. फोनच केला असता, पण आमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो.

आणखी एक. ओझरच्या रस्त्याचं वर लिहिलं ते खरं आहे, पण थोडं राहिलं. आजवर पावसाळ्यात मला पाऊस दिसायचा. काल रस्ता दिसला. त्यावर फार लोक असतात. समोरून येणारा ट्रक दिसला, ट्रकवाल्याचा चेहरा दिसला, आणि माझ्याकडे पाहून त्याने देवाच्या फोटोला हात लावला तोही दिसला. ओझरला मी लागोपाठ दोन चहा घेतले, परत निघायला तेवढाच उशीर व्हावा म्हणून. येताना इतका सावकाश आलो की पायी चाललेल्या एका म्हातारबांनी थांबून, तुम्ही व्हा पुढे, असा हात केला. उज्वला वाटभर नेहमीप्रमाणे देवाचं नाव घेत होती. या खेपेला मीही घेत होतो.

सगळ्यात शेवटचं, आणि हे वाचून एवढा कागद फाडावा. गुरुवारी आपली गाडी पाठवाच. फक्त संजनाला न्यायला पाठवतोय असं म्हणू नका. कांद्याच्या कामाने नाशिकला येतेच आहे, रिकामी परत जाणार, असं म्हणा. चालक निर्व्यसनी द्या. मागच्या सीटवर संजनाशेजारी माझी जागा धरा, घाटात तिचा हात कुणीतरी धरायला हवा. (किंवा तिने कुणाचा तरी.) बुधवारी संध्याकाळी फोन करा आणि सगळ्यांच्या कानांवर जाईल असा मला आग्रह करा. मी नाही म्हणेन. पुन्हा करा. मग मी चिडेन, माझी गाडी, माझे नवे वायपर वगैरे काढेन. तेव्हा कृपा करून फोन ठेवू नका.