खवट वास

४ नोव्हेंबर

आज माझ्या बर्फाची हकालपट्टी झाली! ना नोटीस, ना सुनावणी. फ्रीजरच्या ज्या खणात तो वर्षानुवर्षं सुखाने नांदत होता, तिथे आता पिठाच्या पिशव्या एकमेकींच्या अंगावर रेलून बसल्या आहेत. सरबत कोमट प्यालो. इतिहास याची नोंद घेईलच.

कारण काय, तर गिरणीवाला गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतोय. उन्हाळ्यापर्यंत गिरणी बंद. दुसरी गिरणी नदीपलीकडे, पण ‘तिथलं पीठ म्हणजे चार घरांची भेसळ’ असं हिचं मत. म्हणून सगळे गहू एकदम दळून आणले. गरम पीठ जुन्या चादरींवर पसरून निववलं. कोमट पीठ भरलं तर आतल्या आत घामेजतं म्हणे. दिवसभर बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. मग पिशव्या, मग फ्रीजर.

“थंडीने किडीची अंडी मरतात,” ही म्हणाली.
“आणि नवरा?”
“तो कशाने मरत नाही.”

१० नोव्हेंबर

पिशव्या बाहेर आल्या, पण उघडायच्या नाहीत. आधी त्यांना खोलीत रुळू द्यायचं, नाहीतर पिठाला पाणी सुटतं. पाहुण्यांचं इतकं कौतुक या घरात कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी डबे भरले. ही मुठीने दाबून दाबून भरत होती, आत हवा राहू नये म्हणून. झाकणांवर चिकटपट्टी लावायचं काम माझ्याकडे. “तिरकी लावलीत!” तिरकीच होती. एक रांग पलंगाखाली, एक माझ्या कोशांच्या मागे. शब्दसंग्रह आणि पीठसंग्रह, दोन्ही टिकाऊ.

१९ नोव्हेंबर

पहिला डबा उघडला. हिने झाकण काढलं आणि मान मागे घेतली. “खवट झालंय.”

मला काही जाणवलं नाही. पण हिचं नाक म्हणजे या घरातलं सर्वोच्च न्यायालय. दूध नासायच्या आधी हिला कळतं. डबाभर पीठ गेलं कचऱ्यात.

२३ नोव्हेंबर

दुसरा डबा. पुन्हा खवट! या वेळी मी चिमूटभर जिभेवर ठेवलं. गोडसर. कडवटपणाचा लवलेश नाही. तसं सांगितलं तर म्हणाली, “तुम्हाला काय कळतंय. तुम्हाला आयुष्यात एकदा तरी स्वतःहून गॅस गळतोय हे कळलंय का?”

नाही कळलेलं. पण संस्कृत पाठशाळेत न्यायशास्त्र, म्हणजे तर्कशास्त्र, घोटून घेतलंय माझ्याकडून. गुण द्रव्यावाचून राहत नाही. वास आहे म्हणजे तो कशाचा तरी असला पाहिजे. हे मी हिला साग्रसंगीत समजावलं.

“हो ना,” ही एकदम म्हणाली. “म्हणजे पिठाचाच.”

इतक्या चटकन माझं शास्त्र हिला आजवर कधी पटलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर

मेहुणी आली होती. अठ्ठावीस वर्षं बातम्या पाठवतोय मी, दोन साक्षीदार मिळाल्याशिवाय ओळ लिहीत नाही. तिच्या पुढे डबा धरला.

“ताई, अगं छान आहे की! भावजी, हिला बाहेर न्या कुठेतरी, घरात बसून कंटाळलीय.”

ही हसली नाही. बहिणीकडे बघत राहिली. नेहमी तिला एका वाक्यात उडवून लावते!

२ डिसेंबर

दुसरा साक्षीदार. पुडी बांधून गिरणीवाल्याकडे गेलो. गिरणीचं शटर अर्धं वर. आत पट्टे सैल लोंबताहेत, चाळणीवर अजून पांढरा थर. गिरणीवाला ऑपरेशनचा पाय लांब करून स्टुलावर. चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, मग भडकलाच.

“माझं दळण खवट? कोण म्हणतं?”
“घरून म्हणतात.”
“वहिनींना सांगा, थंडी संपेपर्यंत याला काही होत नाही. झालं तर माझा दुसरा गुडघापण कापा!”

विजयी मुद्रेने घरी आलो. जिन्यातूनच सुरुवात केली. दोन स्वतंत्र साक्षीदार, एक तर तज्ज्ञ! ही भांडली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली.

“म्हणजे पीठ चांगलंच आहे?”
“निर्विवाद!”

रिकामा डबा घेतला आणि पुन्हा घासायला लागली. धुतलेलाच होता.

५ डिसेंबर

आज जिन्यात. पीठ नाही, डबा नाही. “आत्ता आला,” म्हणाली. मी जोरात हुंगून पाहिलं. काहीच नाही! ओल्या सिमेंटचा वास, बस्स.

८ डिसेंबर

खिडकीपाशी माझ्या सदऱ्याला बटण लावत बसली होती. मी काहीतरी सांगत होतो. उत्तर येईना म्हणून पाहिलं. सुई हवेत. डोळे माझ्याकडे, पण मी त्यांत नव्हतो. ओठ हलत होते, काही चावत असल्यासारखे. तोंडात काही नव्हतं.

“समाधी लागली वाटतं!” मी म्हणालो.

मग ती परत आली. कुठून, कोण जाणे. सुईकडे बघितलं, ‘ही कुणाची?’ असं.

“आला होता. गेला.”
“कोण?”
“वास.”

गेल्या पंधरवड्यात हिला असं गप्प झालेलं मी आधीही पाहिलं असेल. विचार करतेय असं वाटलं असेल मला.

१० डिसेंबर

सगळे डबे गॅलरीत काढले. तिनेच. दारंखिडक्या उघड्या, घर गारठलंय. दोघं शाली गुंडाळून जेवलो. कुणीतरी बाहेर जावं म्हणून दार उघडं ठेवावं, तसं वाटत होतं. विनोद सुचला नाही.

१२ डिसेंबर

ही अंघोळीला गेल्यावर मेहुणीला फोन केला. सुई, ओठ, जिना, सगळं सांगितलं.

“भावजी, आईला जळल्याचा यायचा.”

सासूबाई मी पाहिलेल्या नाहीत. लग्नाआधीच गेल्या. ‘आजारी होती’ एवढंच ही कधीतरी बोललेली.

“रोज म्हणायची, काहीतरी जळतंय. आम्ही वायरी तपासायचो, शेजाऱ्यांची शेगडी बघून यायचो. बाबांनी भिंत फोडून घेतली होती एक. काही जळत नव्हतं.”
“मग?”
“डोक्यात गाठ होती. शेवटपर्यंत ताईच होती तिच्यापाशी. तुम्हाला तिने... नाही सांगितलं?”

न्हाणीघरातलं पाणी थांबलं. फोन ठेवला. ही टॉवेल डोक्याला बांधून बाहेर आली. “कुणाचा होता?” “ऑफिसचा,” म्हणालो. तिने मान हलवली. तिला कळलं, असं मला वाटतं.

१३ डिसेंबर

तिला पीठ खराबच हवं होतं. आणि मी दारोदार साक्षीदार गोळा करत होतो.

उद्या डॉक्टरांकडे जायचंय. ती “बरं” म्हणाली, एवढंच. आत्ता ती पडलीय, तेवढ्यात गॅलरीतला एकेक डबा उघडून मी चाखला. एक तरी कडू निघावा म्हणून. सगळं पीठ चांगलं आहे. मला फार भीती वाटते.