बाबांचा पहिला प्रेस

प्रिय चिमे,

तुझं पत्र पोचलं. कारखाना हातात घेतल्यापासून बाबांचा जुना प्रेस काढायचं ठरवतेस आणि दर वेळी कच खातेस. त्यांनी स्वतः उभा केलेला, कसा काढू, म्हणतेस. तुझा जीव अडकलाय, हे कळतं मला. पण नवीन मशीन खोक्यात पडून आहे आणि ऑर्डरी हातच्या जातायत, तेही कळतं.

तुझ्या जन्माआधी आपल्याकडे बिजागऱ्या लोहार ठोकून द्यायचा, नाहीतर बाहेरून यायच्या. यंत्रावर कोणी करतच नव्हतं. तुझे बाबा दुसऱ्यांकडे साचे घडवायचे. हात असा, की यांनी कानस मारलेले दोन तुकडे जोडून खिडकीशी धरले तर मधून उजेड दिसत नसे. ती चांगली नोकरी सोडून यांनी मागच्या खोलीत पत्रा कापून वाकवणारा हा प्रेस उभा केला. जावयाचं डोकं फिरलं, असं माझ्या माहेरी सगळे म्हणाले. पहिल्या बिजागऱ्या निघाल्या त्या कशा लखलखीत! मोठ्या थाटात आपल्याच स्वयंपाकघरातल्या कपाटाला बसवल्या, आणि दार जागचं हलेना. खीळ भोकात इतकी तंतोतंत, की फिरायला जागाच नव्हती. जन्मभर केसाएवढी फट राहू न दिलेल्या माणसाला मुद्दाम ढिलाई ठेवायची हे सुचणार कसं? मी जोर लावून ओढलं तर मूठच माझ्या हातात आली. मला हसू आवरेना. हे आधी फुरंगटले, मग स्वतःच हसत साचा खोलायला बसले. पुढे त्याच बिजागऱ्यांनी आपल्याला मोठं केलं. प्रेसची धपधप चालू असेपर्यंत तू पाळण्यात गाढ झोपायचीस.

शेवटच्या वर्षी हे दुपारी कारखान्यात येऊन बसायचे. यांना बरं वाटावं म्हणून तू प्रेस चालू ठेवायचीस, त्याला नवा रंगसुद्धा दिलास. एकदा घरी परतताना मी विचारलं, अजून किती दिवस चालेल हो तो? हे म्हणाले, "अगं, तो कधीच संपलाय. निम्मा माल वाकडा निघतो. पण पोरगी एवढ्या मायेनं जपते, तिला काढ म्हणून कसं सांगू?"

म्हणजे तू यांच्यासाठी ठेवलास आणि यांनी तुझ्यासाठी! हसावं की रडावं कळेना. बापलेक दोघं सारखेच. तुझं मन मोडायला नको म्हणून यांनी मलाही गप्प बसवलं.

तू अजून बाहेरगावी आहेस, म्हणून हे पत्र तिकडेच धाडतेय. काल मी कारखान्यात जाऊन प्रेस काढायला सांगितला. फोरमनकाका बटणाकडे वळले, त्यांना म्हटलं, थांबा, हे माझं काम. प्रेस मी बंद केला. तुझ्या हातून ते झालं नसतं, आणि व्हायलाही नको होतं. तू येशील तेव्हा ती जागा मोकळी असेल. रडू आलं तर रड हो, पण खोकं त्याच दिवशी उघड.

तुझीच,
आई