बोटिंगवाले सर

सोमवार, संध्याकाळ. बदलापूर.

आज पुन्हा तेच. बोटिंग. इतकी वर्षं उल्हासनगरच्या या कॉलेजात पोरांना रोइंग शिकवतोय, तरी प्रिन्सिपल मॅडमसाठी मी 'बोटिंगवाले सर'च. अहो बाई, बोटिंग म्हणजे तलावात शेंगा खात पेडल मारणं!

सकाळी त्यांनी बोलावल्याचा निरोप आला, तेव्हा वाटलं, आता तरी कायम करतील. दर वर्षी नवं कॉन्ट्रॅक्ट आणि पुन्हा पहिल्यापासून पगार. बायकोने मुद्दाम इस्त्रीचा शर्ट काढून दिला. केबिनमध्ये गेलो तर मॅडम म्हणतात, "सर, यंदा कॉलेजचा गणपती नदीत विसर्जन करायचाय. आपली बोट आहे ना, उसी में बाप्पा को ले जायेंगे."

आपली बोट! शर्यतीची होडी ती, जेमतेम माझ्या कमरेएवढी रुंद. पोरं तिच्यात श्वाससुद्धा जपून घेतात, नाहीतर उलटते. याच होडीत माझ्या विद्यार्थिनीला, रुचिताला, मी वल्हं धरायला शिकवलं. ती आज दुसऱ्या कॉलेजात कोच आहे, तेही कायम नोकरीवर. आणि मी? इस्त्रीचा शर्ट घालून विसर्जनाचा नावाडी.

सांगायचं होतं, मॅडम, हे बोटिंग नाही, त्या होडीत देव काय, तुमची पर्ससुद्धा ठेवता येणार नाही. अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात पुढचं कॉन्ट्रॅक्ट डोळ्यांसमोर आलं.

मग मी विचारलं काय, तर, "मूर्ती केवढी आहे, मॅडम?"